आबालवृद्धांचे अद्भुत : साहसकादंबरीचा आस्वाद आणि वाचकाचे वय

साहसकादंबरी आणि अद्भुतरम्य कादंबरी यांच्याविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात 'आबालवृद्धांना आवडेल अशी' हे विशेषण हमखास येते. ते प्रशंसेसाठी योजलेले असले तरी समीक्षाव्यवहारात त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. जे सर्वांनाच आवडते त्याचा गंभीरपणे विचार करण्याचे कारण नाही, असा एक न उच्चारलेला निष्कर्ष त्या विशेषणाच्या पाठोपाठ येतो आणि कादंबरी परिचयाच्या स्तंभापलीकडे सरकत नाही. ती वाचणाऱ्या प्रौढ वाचकाचे काय, हा प्रश्न निघालाच तर त्याची दोन उत्तरे तयार असतात. एक तर तो घटकाभर आपल्या बालपणात परत जातो. किंवा मग तो वास्तवापासून पळ काढतो. स्मरणरंजन आणि पलायन या दोन संज्ञांनी विषय मिटवला जातो. ही दोन्ही उत्तरे वाचकाविषयी आहेत. संहितेविषयी त्यांत एक अक्षरही नाही, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रौढ वाचकाच्या मनातला संकोच तर याहून बोलका आहे. १९९८ मध्ये हॅरी पॉटरच्या पहिल्या कादंबरीची, खास प्रौढांसाठी म्हणून, निराळ्या मुखपृष्ठाची आवृत्ती इंग्लंडमधील प्रकाशकाने काढली. चित्रमय वेष्टन जाऊन तेथे आगगाडीचे कृष्णधवल छायाचित्र आले. आतली कादंबरी तीच होती. म्हणजे प्रश्न आवडण्याचा नव्हता, आवडते हे चारचौघांत दिसण्याचा होता. ज्या आस्वादाला असे झाकण लागते त्याची मीमांसा करण्याचे काम समीक्षेचे आहे. झाकण पुरवण्याचे नव्हे.

वस्तुतः भारतीय काव्यविचारात या संकोचाला जागा नाही. भरताच्या रसव्यवस्थेत अद्भुताला स्वतंत्र स्थान आहे. विस्मय हा त्याचा स्थायिभाव आणि 'दिव्य' व 'आनंदज' असे त्याचे दोन प्रकार. माया, इंद्रजाल, विमान यांचे दर्शन जसे त्याच्या विभावांत येते, तशीच इच्छित वस्तूची प्राप्तीही येते. शिवाय वीरापासून अद्भुताची उत्पत्ती होते, असे भरत सांगतो. साहसकादंबरीच्या दृष्टीने हे सूत्र फार उपयोगाचे आहे. कारण उत्साह आणि विस्मय हे दोन भाव एकमेकांना खांदा देत राहतात तेव्हाच साहसकथा उभी राहते, आणि नुसता विस्मय उरला की ती जादूच्या प्रयोगासारखी होते. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त आपल्या नारायण नावाच्या पूर्वजाचे एक टोकाचे मत नोंदवले आहे. चमत्कार हेच रसाचे सार असल्यामुळे सर्व रसांच्या मुळाशी अद्भुतच असतो, असे ते मत. ते स्वीकारावे की नाही हा वेगळा मुद्दा. पण अद्भुत ही मुलांना द्यावयाची वस्तू आहे असे या परंपरेत कोणाला वाटलेले दिसत नाही. अभिनवगुप्ताचा सहृदय ठरतो तो काव्याच्या परिशीलनाने, सरावाने. वयाने नव्हे.

मग मराठीत अद्भुताचे वय कमी केव्हा झाले? एकोणिसाव्या शतकात डोकावले तर काही धागे हाती लागतात. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे; त्यानंतर चारच वर्षांनी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या कादंबऱ्या मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. नवशिक्षित प्रौढ वाचकच त्यांचा वाचक होता. 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी अद्भुताचा आश्रय का करावा लागतो याचे जे कारण दिले आहे ते मराठी समीक्षेत पुष्कळदा उद्धृत होते, पण बहुधा उपहासासाठी. आपल्याकडील विवाहाची रीत आणि इतर चालीरीती यांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक म्हणावे असे गुण किंवा दोष आढळत नाहीत. रोजच्या अनुभवातले लिहावे तर त्यात वेधक काही नाही. तेव्हा रंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताकडेच वळावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

या युक्तिवादाला भाबडेपणाचे शिक्कामोर्तब करण्यापूर्वी जरा थांबले पाहिजे. रिसबूड वास्तवाकडे पाठ फिरवीत नाहीत; ते वास्तवावर आरोप करीत आहेत. ज्या समाजात माणसाला स्वतःच्या आयुष्याविषयी एकही निर्णय घेण्याची संधी नाही त्या समाजात कथानक घडणार कोठून, असा तो आरोप आहे. कथानक म्हणजे निवडींची साखळी. निवडच नसेल तर साखळीही नाही. म्हणून 'मंजुघोषे'तील अद्भुत हे एका अभावाचे दुसरे नाव ठरते. कादंबरी म्हणून 'मंजुघोषा' आज वाचवत नाही, हे कबूल करूनही तिच्या प्रस्तावनेतला हा विचार पुढच्या शंभर वर्षांच्या वास्तववादी शिस्तीपेक्षा कमी चाणाक्ष होता असे म्हणता येणार नाही.

ती शिस्त लवकरच आली. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या आपल्या 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंधा'त या कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर बोट ठेवले. टीका योग्य होती. कारण त्या असंभाव्यतेला स्वतःचे असे कोणतेच नियम नव्हते. पण मराठी समीक्षेने त्यातून जो धडा घेतला तो असा की असंभाव्य तेवढे त्याज्य. नियम असलेले असंभाव्य आणि नियम नसलेले असंभाव्य यांत भेद करण्याचे साधन तिने घडवलेच नाही. पुढे फडके-खांडेकर वादात रंजनाचा प्रश्न मोठ्या आवाजात गाजला खरा. पण तेथे रंजन म्हणजे प्रामुख्याने प्रेमकथा. साहसाला त्या वादात कोणी पाचारण केले नाही. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशा तीन प्रवृत्ती कल्पिल्या, तेव्हा 'मुक्तामाला' ही रंजनपर प्रवृत्तीची खूणगाठ झाली. इतिहासलेखनाला ती विभागणी सोयीची आहे. पण एखादी प्रवृत्तीच्या प्रवृत्ती अवमूल्यित झाली म्हणजे तिच्या पोटातले सकस आणि नि:सत्त्व एकाच भावाने विकले जाते. वाचक ते वेगळे करू शकतो. समीक्षकाकडे मात्र त्यासाठी शब्द राहत नाहीत, आणि हे नुकसान लहान नाही.

हे शब्द कोठून मिळवावेत, याचा विचार करताना एका परक्या कादंबरीची कुळकथा उपयोगी पडते. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन मुक्कामाला होता. पाऊस लागून राहिलेला. पत्नीच्या आधीच्या विवाहातला तेरा वर्षांचा मुलगा लॉइड चित्रे रंगवीत बसलेला. त्याच्या संगतीत स्टीव्हन्सनने एका बेटाचा नकाशा काढला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' निघाली. रोज एक प्रकरण लिहावयाचे आणि घरच्यांना वाचून दाखवावयाचे, असा क्रम पडला. हे सर्वश्रुत आहे. त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. ऐकणाऱ्यांत स्टीव्हन्सनचे वडील थॉमस होते. वय त्रेसष्ट, दीपगृहे बांधणारे अभियंते, धर्मनिष्ठ आणि करड्या स्वभावाचे. ते या कथेत इतके रंगले की मेलेल्या बिली बोन्सची पेटी उघडण्याची वेळ आली तेव्हा त्या पेटीत काय काय निघावे याची यादी त्यांनीच करून दिली, आणि फ्लिंटच्या जहाजाला 'वॉलरस' हे नावही त्यांनीच पुरवले. तेरा वर्षांचा मुलगा आणि त्रेसष्ट वर्षांचा वृद्ध असे दोघेही कादंबरीच्या घडणीत हजर आहेत. आबालवृद्ध हा शब्द येथे जाहिरातीचा नाही. तो रचनेच्या इतिहासाचा भाग आहे.

त्यातही वृद्धाने काय दिले हे पाहण्यासारखे आहे. त्याने साहस दिले नाही; वस्तूंची यादी दिली. साहसकादंबरीत याद्यांना मोठे मोल असते. रॉबिन्सन क्रूसोने फुटलेल्या जहाजावरून किनाऱ्यावर आणलेल्या सामानाची जंत्री कोणत्याही वयाच्या वाचकाला कंटाळवाणी वाटत नाही, याचे कारण त्या जंत्रीतली प्रत्येक वस्तू उपयोगाच्या शक्यतांनी भारलेली असते. मूल त्या वस्तू मनाने हाताळते. प्रौढ त्यांचा हिशेब मांडतो. दोघांचे सुख वेगळे, पण ते ज्यातून मिळते तो मजकूर एकच.

'ट्रेझर आयलंड' आधी 'यंग फोक्स' या मुलांच्या पत्रात टोपणनावाने क्रमशः छापली गेली व १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुढच्याच वर्षी हेन्री जेम्सने 'लाँगमन्स मॅगझिन'मधील आपल्या कादंबरीकलेवरील प्रसिद्ध लेखात तिचा उल्लेख केला. त्याने तिची स्तुतीच केली. पण एक मेख मारून ठेवली. गाँकूरच्या एका कादंबरीत मुलीच्या मनाचा विकास रंगवला आहे, तो आपल्याला पडताळून पाहता येतो, कारण आपण मूल होतो. पण पुरलेल्या खजिन्याच्या शोधात आपण कधी गेलो नाही, असा त्याचा आशय. यावर स्टीव्हन्सनने त्याच वर्षी त्याच मासिकातून उत्तर दिले. जेम्स खजिन्याच्या शोधात कधी गेला नसेल तर तो मूलही कधी नव्हता, हे त्याचे म्हणणे. या उत्तरातली चुरचुरीत कोटी लोकांच्या लक्षात राहिली आणि तीमागचा सिद्धान्त मागे पडला. अनुभव म्हणजे केवळ घडलेले नव्हे. मनात खेळलेले, इच्छिलेले, भ्यालेलेही अनुभवच होय, आणि साहसकादंबरी त्याच अनुभवाशी पडताळून पाहिली जाते, असे स्टीव्हन्सनला म्हणावयाचे आहे. दोन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका लेखात त्याने आचरणाचे काव्य आणि परिस्थितीचे काव्य असा भेद केला होता. माणसाने काय करणे योग्य, हा पहिल्याचा प्रश्न. अमुक प्रसंगात नेमके काय आणि कसे करावे, हा दुसऱ्याचा. कादंबरीची समीक्षा पहिल्या प्रश्नावर पोसलेली आहे. दुसरा प्रश्न तिला पोरकट वाटतो, कारण त्यात नीतीची जागा युक्तीने घेतलेली असते.

पण स्टीव्हन्सनची कादंबरी त्याच्या सिद्धान्ताहून खोल आहे. सिद्धान्तात तो हे दोन प्रश्न वेगळे ठेवतो. कादंबरीत मात्र एकाच्या पोटात दुसरा वाढतो. सफरचंदांच्या पिंपाचा प्रसंग घ्यावा. जिम हॉकिन्स पिंपात उतरलेला आहे. बाहेर लाँग जॉन सिल्व्हर एका तरुण खलाशाला फितवीत आहे. प्रसंग परिस्थितीच्या काव्याचा. अडचणीची जागा, हालता येत नाही, श्वास ऐकू जाईल ही भीती. कोणत्याही मुलाला तो तेवढ्यासाठी पुरतो. पण जिमच्या संतापाचे पहिले कारण कट हे नाही. सिल्व्हरने आपली ज्या शब्दांत तारीफ केली होती तेच शब्द तो त्या दुसऱ्या पोराला ऐकवतो आहे, हे कानी पडताच पिंपातूनच त्याचा जीव घ्यावा असे जिमला वाटते. वडील नुकतेच गमावलेल्या मुलाला ज्या माणसाने आपलेसे केले त्याची माया ही पुन्हा पुन्हा वापरावयाची भाषा होती, हे त्याला तेथे कळते. ही जखम बालवाचक वाचून पुढे जातो. त्याला पुढच्या बंडाची घाई असते. प्रौढ वाचक तेथे अडखळतो. स्टीव्हन्सनने दोघांसाठी दोन प्रसंग लिहिलेले नाहीत.

याला कारण निवेदनाची रचना आहे. कथा जिम सांगतो, पण घटना घडून गेल्यानंतर. त्यामुळे प्रत्येक वाक्यात पाहणारा मुलगा आणि आठवणारा माणूस असे दोघे असतात, आणि स्टीव्हन्सन त्यांच्यातील अंतर जाणूनबुजून कमीजास्त करतो. ब्रिस्टॉलच्या खानावळीत जिम सिल्व्हरला प्रथम पाहतो तो प्रसंग या दृष्टीने नमुनेदार आहे. एका पायाच्या खलाशाच्या धास्तीने त्याने रात्रीमागून रात्री दुःस्वप्ने पाहिलेली; समोर एका पायाचाच खलाशी उभा; आणि तरी तो इतका स्वच्छ व हसतमुख की जिम संशय झटकून टाकतो. आठवणाऱ्या जिमला सारे ठाऊक आहे, पण तो येथे मुलाला सावध करीत नाही. पहिल्या वाचनात वाचक मुलाबरोबर फसतो. दुसऱ्या वाचनात तो आठवणाऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसतो. सर्व वयांचा वाचक म्हणून जे म्हटले जाते ते वेगवेगळ्या वयांच्या ग्राहकांची बेरीज नसून संहितेतच असलेल्या दोन जागा आहेत, आणि एकच वाचक आयुष्यात त्या जागा बदलतो. दुसऱ्यांदा वाचणारा प्रौढ बालपणात परत जात नाही. तो मागच्या खेपेस जेथे बसला नव्हता तेथे बसतो. स्मरणरंजनाची उपपत्ती येथे लंगडी पडते.

मिखाईल बाख्तिन याने ग्रीक साहसकथांच्या संदर्भात 'साहसकाल' ही कल्पना मांडली आहे. त्या कथांत नायक-नायिकेवर वादळे, चाचे, कैद, ताटातूट असे सारे कोसळते, पण त्याचा कोणताही व्रण त्यांच्यावर उमटत नाही; ना वय वाढते, ना स्वभाव बदलतो. साहसप्रधान वाङ्मयावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप नेमका हाच असल्याने बाख्तिनची संज्ञा मूल्यमापनाची कसोटी म्हणूनही वापरता येते. त्या कसोटीला 'ट्रेझर आयलंड' लावली तर काय दिसते? नकाशा खरा निघतो, पण नकाशातला खड्डा रिकामा असतो. खजिना बेन गनने केव्हाच हलवलेला. सिल्व्हरला शासन होत नाही. नाण्यांची एक थैली घेऊन तो पसार होतो. आणि शेवटी श्रीमंत झालेला जिम सांगतो की त्या बेटावर तो पुन्हा जाणार नाही. अजूनही किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या आणि सिल्व्हरच्या पोपटाच्या आवाजाने तो झोपेतून दचकून उठतो. व्रण उमटला आहे. मुलांच्या पत्रात छापलेल्या खजिन्याच्या कथेचा शेवट दुःस्वप्नात व्हावा, ही गोष्ट तिला पलायनवादी म्हणणाऱ्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही.

पलायनाच्या आरोपाला सर्वांत नेटके उत्तर जे. आर. आर. टोल्किनने १९३९ च्या आपल्या परीकथांवरील व्याख्यानात दिले. कैद्याची सुटका आणि सैनिकाचे पळून जाणे यांत आरोप करणारे गल्लत करतात, हा त्यातला मुद्दा प्रसिद्धच आहे. मुलांचा आणि परीकथांचा संबंध हा निव्वळ घरगुती इतिहासातील अपघात असून मोठ्यांना नकोसे झालेले जुने सामान जसे मुलांच्या खोलीत टाकतात तशा या कथा तेथे पोचल्या, हा दुसरा मुद्दा प्रस्तुत विषयाला अधिक लागू आहे. तरीही १९५६ मध्ये एडमंड विल्सनसारख्या चोखंदळ समीक्षकाने टोल्किनची महाकादंबरी पोरकट ठरवली. विल्सनचे सगळेच चुकले असे नाही; टोल्किनमध्ये पसरटपणा पुष्कळ आहे. पण 'पोरकट' हा शब्द पसरटपणाचे वर्णन करीत नाही. तो केवळ वाचकाला शरमिंदे करतो.

फ्रेंच समीक्षेने हा अडसर वेगळ्या रीतीने ओलांडला. ज्यूल व्हर्न हा एत्झेलच्या कुटुंबमासिकातून वाढलेला, शाळकरी मुलांच्या हाती जाणारा लेखक. इंग्रजीत तर त्याची दशा आणखी केविलवाणी झाली. समुद्रतळावरील त्याच्या कादंबरीच्या पहिल्या इंग्रजी भाषांतरात जवळजवळ चतुर्थांश मजकूर गाळलेला होता. असे असता रोलाँ बार्तने १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये व्हर्नवर लिहिले. १९६६ मध्ये फूकोने त्याच्या कथनाच्या थरांवर लेख लिहिला. त्याच वर्षी पिएर माशेरेने आपल्या वाङ्मयनिर्मितीविषयक ग्रंथात त्याच्यावर एक प्रदीर्घ प्रकरण खर्ची घातले. बार्तचे निरीक्षण तर साहसाची रूढ व्याख्याच उलटी करते. व्हर्नचे नायक जगभर हिंडतात, पण त्यांचे खरे सुख बंदिस्तपणात आहे. नॉटिलस हे जहाज नसून मुलाने अंथरुणात बांधलेला तंबूच होय. सर्व सामान आत, बाहेर अथांग काळोख, मध्ये काचेची एक खिडकी. हे वाचल्यावर साहसाचा आनंद म्हणजे बाहेर पडण्याचा आनंद, हे विधान इतक्या सहज करता येत नाही.

माशेरे आणि बार्त ही नावे मराठी विद्यापीठीय चर्चेत अपरिचित नाहीत. त्यांची परिभाषा आली. ज्या पुस्तकांवर ती घडली त्यांच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक व्हर्न मराठीत होताच. भा. रा. भागवत यांनी कुमारांसाठी केलेल्या 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्र सैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' या पुस्तकांतून तो घरोघर वाचला जात होता. शेंडेनक्षत्र हा शब्दच पाहावा. 'धूमकेतू' हा प्रतिष्ठित पर्याय हाताशी असताना भागवतांनी आजीच्या तोंडचा शब्द उचलला आणि त्याला 'मुक्काम' जोडून आकाशातल्या त्या गोळ्याला पोस्टाचा पत्ता दिला. भाषांतरमीमांसेच्या वर्गात तासभर चर्चा व्हावी असे हे शीर्षक आहे. ते बालवाङ्मयाच्या फडताळात राहून गेले.

याच्या उलट जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा'चे उदाहरण. 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या त्यातील दीर्घकथा अनोळखी भूमीवरील प्रवास, भविष्यकथन, गूढ खुणा, प्राणसंकटे अशा साहसकथेच्या अस्सल सामग्रीवर उभ्या आहेत. मराठी समीक्षेने त्यांचा सन्मान केला आणि तो सर्वथा योग्यच होता. पण तो करताना तिने त्या सामग्रीचे ताबडतोब रूपकात भाषांतर केले: प्रवास म्हणजे जीवन, खुणा म्हणजे नियती, शोध म्हणजे अस्तित्वाचा प्रश्न. अद्भुताला अर्थाचा परवाना मिळाला तरच त्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश, असा हा रिवाज दिसतो. परंतु 'इस्किलार' वाचताना वाचक प्रथम ज्याने ओढला जातो ते तत्त्वज्ञान नव्हे. पुढे काय होणार हे कळू नये आणि कळावेही, अशी जी अवस्था कथा निर्माण करते ती. जी. एं.चा नियतिविचार त्या ओढीवरच स्वार झालेला आहे. ओढ वजा केली तर विचार सूक्तासारखा कोरडा उरतो. समीक्षेने स्वार पाहिला, घोडा पाहिला नाही, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

आता भागवतांच्याच फास्टर फेणेकडे वळावे. कारण कसोटी परक्या कादंबरीला लावली आणि घरच्या पुस्तकांना सवलत दिली, असे होणे बरे नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याची विद्याभवन शाळा, सायकल, ओठांतून निघणारा तो 'ट्टॉक्' आवाज हा मराठी वाचकांच्या दोनतीन पिढ्यांचा सामाईक ठेवा आहे. बाख्तिनच्या अर्थाने मालिका शुद्ध साहसकालात घडते. प्रतापगड, जंगल, गुलमर्ग असे स्थळ बदलत जाते. फेणे बदलत नाही. तो जखमी होतो पण त्याला व्रण राहत नाही. तो घाबरतो पण त्याला पुढच्या पुस्तकात दुःस्वप्ने पडत नाहीत. खलपुरुष पकडले जातात, आणि ते ज्या योगायोगांनी पकडले जातात ते चाळिशीच्या वाचकाला पेलत नाहीत. सिल्व्हरसारखा एकही माणूस या जगात नाही. म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे शेवटपर्यंत ठरू नये असा. हे उणेपण स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणि तरीही ही पुस्तके प्रौढपणी वाचताना हातात टिकतात. ती कशाने टिकतात याचे उत्तर कथानकात नाही, निवेदकाच्या आवाजात आहे. हा निवेदक प्रौढ आहे, मिस्कील आहे, फेणेवर त्याचा जीव आहे. पण तो फेणेचे कौतुक गंभीर चेहऱ्याने करीत नाही. मुलाच्या फजितीत त्याला जी गंमत वाटते ती मुलाला खाली पाडणारी नसते. भाषेशी त्याचा खेळ सतत चालू असतो. कोट्या, ध्वनी, अचानक येणारा भारदस्त संस्कृत शब्द. बालवाचक यांतले निम्मे सोडून देतो आणि त्याचे काही अडत नाही. जिमच्या निवेदनात मुलगा आणि माणूस हे एकाच देहात होते. भागवतांकडे ते दोन वेगळ्या व्यक्तींत विभागले आहेत, आणि त्यांच्यातील स्नेह हाच मालिकेचा न बदलणारा विषय आहे. भागवतांचे अनुकरण करणाऱ्या साहसकथांत पोर, सायकल, चोर आणि भुयार हे सारे आले. हा आवाज आला नाही.

नायकाला वय द्यावे की नाही, हा प्रश्न इतरांनाही पडला आहे. उर्सुला ल् ग्विन हिची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ मध्ये किशोरांसाठी म्हणून प्रसिद्ध झाली. गेड हा जादूगार पोरवयात गर्वाने एक छाया मोकळी सोडतो, तिच्यापासून पळतो, मग तिचा पाठलाग करतो आणि अखेर तिला तिच्या नावाने हाक मारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते. येथील असंभाव्याला कडक नियम आहेत. खरे नाव ठाऊक असल्याशिवाय वस्तूवर सत्ता नाही, आणि प्रत्येक जादूची किंमत कोठेतरी मोजावी लागते. मराठ्यांनी १८७२ मध्ये घेतलेल्या आक्षेपाला अद्भुत कादंबरीने दिलेले हे उत्तर मानता येईल. १९७२ पर्यंत तीन भाग झाले, आणि मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, 'तेहानू' आली. तिच्यात गेडची शक्ती संपलेली आहे, आणि दुसऱ्या भागातली अल्पवयीन पुजारीण टेनार ही आता मध्यमवयीन विधवा शेतकरीण आहे. भांडी घासणे, शेळ्या राखणे, होरपळलेल्या एका मुलीला वाढवणे हे तिचे साहस. अनेक जुन्या वाचकांना हे रुचले नाही. त्यांना गेड तसाच हवा होता. स्वतः मात्र ते अठरा वर्षांनी मोठे झाले होते. ल् ग्विनने नायकाचे वय वाढवले त्याबरोबर साहसाची व्याख्याही वाढवली, आणि पहिल्या तीन भागांत स्त्रियांच्या जादूला जो कमीपणा दिला होता त्याचा हिशेब चौथ्या भागात पुरा केला. 'तेहानू' संथ आहे, क्वचित वाद घालणारीही आहे; पण आपल्याच अद्भुत सृष्टीची इतकी निर्भीड फेरतपासणी दुसऱ्या कोणा लेखकाने केल्याचे उदाहरण सहज आठवत नाही.

फेणेचेही वय एकदा वाढवले गेले, पण पुस्तकात नव्हे. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या 'फास्टर फेणे' या चित्रपटात अमेय वाघ यांनी साकारलेला फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण झाला. गुन्हा परीक्षेच्या व्यवहाराशी जोडलेला, शहर आजचे, खलनायक खरोखरच भीतिदायक. पुस्तकांत वाढलेल्या प्रौढ प्रेक्षकाला पटावे म्हणून जे करावयाचे ते सारे चोखपणे केलेले. 'ट्टॉक्' हा आवाजही राहिला. एका गोष्टीची सोय मात्र पटकथेला निराळ्या मार्गाने करावी लागली. पडद्यावर निवेदक नाही. फेणेकडे मायेने आणि मिस्कीलपणे पाहणारा तो आवाज कोठे ठेवावा, हा प्रश्न होता. म्हणून चित्रपटात भा. रा. भागवत नावाचे एक वृद्ध गृहस्थ आले आणि ते काम दिलीप प्रभावळकर यांनी केले.